माणसं वर का बघत नाहीत?

दीड मिनिटाच्या चित्रफितीवर संशोधनलेख लिहायचा आहे, असं संपादकांना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरली. त्यांचं चुकलं नाही. या विभागात संतसाहित्याचे पाठभेद, जुन्या नाटक कंपन्यांचे जमाखर्च, शिलालेख असे विषय शोभतात. त्या पंक्तीत ड्रोनवरून टिपलेली बोलिंग-क्लबची फीत म्हणजे सोवळ्याच्या पंगतीत बूट घालून बसल्यासारखं. पण गेली तीन वर्षं मी या दीड मिनिटाबरोबर राहतो आहे, आणि ते अजून संपलेलं नाही. माझ्यापाशी चित्रपटशास्त्राची पदवी नाही. पंचवीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं, आणि जवळपास तेवढीच वर्षं गावातल्या फिल्म सोसायटीच्या खुर्च्या मांडल्या आणि उचलल्या. जे काही कळतं ते या दोन कामांच्या मधल्या फटीत कळलेलं आहे. वाचकांनी ते तेवढ्याच भावानं घ्यावं.

‘राइट अप अवर अ‍ॅली’ हे फितीचं नाव. मार्च २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरातल्या ‘ब्रायंट लेक बोल’ या जुन्या बोलिंग-क्लबात ती चित्रित झाली. दिग्दर्शक अँथनी जास्का, ड्रोन उडवणारा जे क्रिस्टेन्सन. नावात श्लेष आहे. बोलिंगची गल्ली ती ‘अ‍ॅली’, आणि एखादी गोष्ट अगदी आपल्या आवडीची आहे हे सांगणाऱ्या इंग्रजी वाक्प्रचारातही तोच शब्द. कॅमेरा रस्त्यावरून येतो, दारातून आत शिरतो, बसलेल्या-उभ्या माणसांच्या कानांजवळून सरकतो, लेनवरून सुसाट पिनांकडे झेपावतो, पडलेल्या पिना पुन्हा उभ्या करणाऱ्या यंत्राच्या पोटात घुसतो आणि परत माणसांत येतो. कुठेही कट नाही. करोनाच्या काळात अशा जागांवर संकट आलं होतं, लोकांनी त्यांना विसरू नये हा करणाऱ्यांचा हेतू. फीत जगभर फिरली, हॉलिवुडमधल्या नामवंतांनी तिची वाखाणणी केली.

ही फीत मी माझ्या मामीला मोबाइलवर दाखवली. मामी शहात्तर वर्षांची. तिनं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, पुन्हा लावायला सांगितली, आणि दुसऱ्यांदा संपल्यावर म्हणाली, “ती माणसं वर का बघत न्हाईत रे?”

मामीच्या उजव्या भुवईवर दोन टाक्यांची खूण आहे. ती कशी आली ते आधी सांगायला हवं, नाहीतर तिच्या प्रश्नाचं वजन कळणार नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका मुलीचं लग्न होतं. मंगल कार्यालय मोठं, वातानुकूलित, फरशी आरशासारखी. वधूच्या प्रवेशासाठी दिवे मालवले, एकच झोत सोडला, जमिनीलगत धूर सोडला. त्या धुरावरून ड्रोन येणार आणि वधूच्या डोक्यावरून मागे जात सगळा हॉल दाखवणार, असा बेत. ड्रोन आला. मध्येच तो कुणीतरी हलकेच ढकलल्यासारखा डावीकडे वाहत गेला, छतावरून सोडलेल्या झेंडूच्या माळेत अडकला आणि खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेत पडला. पात्यांना संरक्षक कडी नव्हती. मामीनं हात वर केला होता म्हणून डोळा वाचला. मी धावत गेलो. “मामी, लागलं का गं?” तर ती पदरानं रक्त टिपत म्हणते, “माझ्यामुळं पोरीच्या लग्नात इघ्न नको. मुहूर्त चुकवू नका.” ड्रोन उडवणारा पोरगा पांढराफटक पडला होता. कुणीतरी त्याला मारायला निघालं, कुणीतरी अडवलं, आणि दहा मिनिटांत मंगलाष्टकं सुरू झाली.

महिन्यानं लग्नाची चार मिनिटांची ‘हायलाइट’ आली. सगळ्यांना आवडली. त्यात तो प्रवेश आहे: धुरावरून कॅमेरा सरकतो, वधू जवळ येते आणि अलगद पुढचं दृश्य येतं, दोघांच्या हातातले हार, संथ गतीत. पाहणाऱ्याला काहीच खटकत नाही. पण दुरुस्ती करणाऱ्या माणसाची खोड जात नाही. मी तो जोड एकेक चौकट पुढे सरकवत पाहिला. जोडाच्या आधीच्या शेवटच्या दोन चौकटींत डाव्या कडेला एक नारिंगी पट्टा आहे. झेंडूची माळ. म्हणजे कात्री बरोबर तिथे लागली होती.

मी त्या पोराला शोधून काढलं. भांडायला आलोय असं वाटून तो आधी फोनच उचलेना. शेवटी त्यानं न कापलेली फीत दिली. जोडानंतरची अकरा सेकंदं त्यात आहेत. दृश्य तिरकं होतं, माळेची फुलं काचेवर घासतात, खुर्च्यांची रांग येते, आणि मामीचा चेहरा. ती वर बघते आहे. चार मिनिटांच्या हायलाइटमध्ये दोनशेच्या वर माणसं दिसतात, आणि त्या उडत्या कॅमेऱ्याकडे त्यांतल्या एकानंही पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलं असेल ते कापले गेले. मामीही कापली गेली.

तेव्हापासून माझी एक समजूत झाली आहे, आणि हा लेख तिच्यासाठीच आहे. छताखाली ड्रोन उडवताना सुरक्षितता ही चित्रीकरणाआधी उरकायची बाब नाही. ती दृश्याच्या आतच असते. तिथे माणसं कॅमेऱ्याकडे का पाहत नाहीत, या एका प्रश्नाच्या उत्तरात त्या दृश्याची कलाही असते आणि त्याची नीतीही.

हे बोलायचं तर यंत्र हाती घेतल्याशिवाय बोलू नये, म्हणून मी एक जुना, कडीवाला छोटा ड्रोन विकत घेतला आणि दुकानाच्या माळ्यावर शिकलो. पहिल्या आठवड्यात दोन कपबशा आणि एक कॅलेंडर गेलं. बायकोनं कॅलेंडरचं मनावर घेतलं नाही.

बाहेर मोकळ्यावर उडणारा कॅमेरा-ड्रोन आपली जागा उपग्रहांच्या आधारानं धरून ठेवतो. काँक्रीटच्या छताखाली तो आधार क्षीण होतो किंवा तुटतोच. मग पोटाखालचा छोटा कॅमेरा जमिनीकडे पाहून अंदाज घेतो, की फरशीवरचा हा डाग मघाशी इथे होता, आता तिथे आहे, म्हणजे मी सरकलो. त्यासाठी उजेड लागतो, आणि फरशीवर ओळखता येण्याजोगं काहीतरी लागतं. आरशासारख्या फरशीवर त्याला छताचे दिवेच दिसतात. दिवे मालवले तर काहीच दिसत नाही. वर धूर सोडला तर जमीनच हलू लागते. त्या लग्नात ही तिन्ही आंधळी कारणं एकत्र जमली होती. पोरानं काही चुकीचं बटण दाबलं नव्हतं. यंत्राचा जमिनीशी संबंध सुटला आणि ते वाहत गेलं. वातानुकूलन यंत्राचा झोत उजवीकडून होता, म्हणून डावीकडे.

हवेचं तर वेगळंच. मैदानात पात्यांनी खाली लोटलेली हवा निघून जाते. खोलीत ती भिंतीवर आपटून परत येते आणि ड्रोन स्वतःच ढवळलेल्या हवेत डुचमळतो. जमिनीच्या अगदी जवळ गेलात तर तो गादीवर बसल्यासारखा तरंगतो, खाली यायला तयार नसतो. छताच्या जवळ गेलात तर उलट, वर ओढला जाऊन छताला चिकटतो. पडदे आत खेचले जातात. पताका, फुगे, टिश्यूचे कागद, ओढणीची टोकं, सगळं पात्यांकडे निघतं. आणि अक्षता! तांदूळ टाकायच्या क्षणी वधूवरांच्या डोक्यावर ड्रोन ठेवण्याचा हट्ट मी दोन लग्नांत पाहिला. शेकडो हात वर, त्यांतून उडणारे दाणे, आणि मध्ये मिनिटाला हजारो फेरे घेणारी पाती.

सगळ्यांत घातक सोय म्हणजे ‘रिटर्न टू होम’. संपर्क तुटला की ड्रोननं आधी ठरलेल्या उंचीवर चढावं आणि निघाल्या जागी परतावं. मैदानात ही सोय जीव वाचवते. पण अंगणातून उडवून दारातून आत आणलेल्या ड्रोनला आत संपर्क तुटल्यावर आठवण येते ती बाहेरच्या आकाशाची. तो इमानेइतबारे वर चढतो, आणि वर छत असतं. आत उडवायचं तर संपर्क तुटताच तरंगत थांबायचं की खाली उतरायचं, हे आधी नेमून द्यावं लागतं. चष्मा लावून पूर्ण हातानं उडवायच्या ड्रोनमध्ये तर मोटारी बंद पडून तो सरळ खाली पडणंच बरं मानतात. म्हणून तो माणसांच्या डोक्यावर नाही, कडेनं आणि कमी उंचीवर न्यायचा. संपर्काचंही तसंच. भिंतींवरून परावर्तित होऊन एकच लहर दोन वाटांनी पोचते. जुन्या टीव्हीवर अँटेना हलली की बातम्या देणाऱ्या बाईंच्या मागे तिची फिकट जुळी बहीण दिसायची, ती आठवून पाहा. तेच कारण. फरक एवढाच, की तेव्हा आपण खुर्चीवर बसलेलो असायचो, आणि आता ते चित्र पाहून कुणीतरी फिरती पाती हाकत असतं.

चष्मा लावलेल्या माणसाला फक्त पुढचं दिसतं. स्वतःचे पाय दिसत नाहीत, शेजारचं लहान मूल दिसत नाही. म्हणून त्याच्याजवळ चष्मा न लावलेला एक माणूस उभा असावा लागतो, ज्याचं काम दृश्य पाहणं नसून खोली पाहणं हे असतं. ‘थांब’ म्हणायचा अधिकार त्याचा. माझ्या माळ्यावर हे काम भाच्यानं केलं. त्याच्या ‘मामा, थांब’ला मी एकदाच दुर्लक्षिलं, ते कॅलेंडरच्या वेळी.

ही सगळी पथ्यं पाळली की चित्रच बदलतं, हे मला हळूहळू दिसलं. कडी लावली की ड्रोन जड होतो, त्याची झेप मंदावते, वळणं गोल होतात. ‘राइट अप अवर अ‍ॅली’मधली ती लोण्यासारखी वळणं केवळ हाताची सफाई नाही. पात्यांभोवतीच्या कड्यांनी त्या हाताला दिलेली ती शिस्त आहे. वजन कमी ठेवायचं म्हणून मोठा कॅमेरा नाही, चिमुकला रुंद कोनाचा कॅमेरा. रुंद कोन म्हणून खोली खोल वाटते आणि माणूस जवळ येताच झर्रकन मागे जातो. बॅटरी थोडी, म्हणून फीत लहान. माणसांच्या डोक्यावरून जायचं नाही म्हणून कॅमेरा खांद्याच्या, कोपराच्या, टेबलाच्या पातळीवर येतो, आणि तिथेच ही फीत लग्नाच्या ड्रोनपासून वेगळी होते. लग्नाचा ड्रोन वरून पाहतो. माणसं त्याला रांगोळीतल्या ठिपक्यांसारखी दिसतात. मिनिआपोलिसचा ड्रोन माणसांच्या मधून पाहतो. खबरदारीनंच त्याला ही नजर दिली.

अशा फितींचं कौतुक करताना ‘पक्ष्यासारखा’ हा शब्द हटकून येतो. मला तो पटत नाही. पक्षी घरात उडत नाही, घरात सापडतो. चिमणी आत शिरली की आमच्याकडे आजी पहिली आरोळी ठोकायची, ‘पंखा बंद करा!’ मग खिडकी उघडायची, सगळ्यांनी बाजूला व्हायचं, पोरांनी ओरडायचं नाही. आणि घरातला एकूण एक माणूस वर बघत असायचा. छताखाली काही उडत असताना वर न बघणं ही माणसाची रीत नाही. ती शिकवावी लागते, किंवा लादावी लागते.

कायदा या कामी फारसा उपयोगाचा नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हवाई नियमांचा अंमल मोकळ्या आकाशावर चालतो, बंद इमारतीच्या आतल्या उड्डाणावर नाही. आपल्याकडे २०२१ चे ड्रोन नियम आले, त्यांत वजनाप्रमाणे वर्ग पाडले, आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल विभाग केले. मंगल कार्यालयाच्या छताचा रंग कोणता, हे मी एका प्रशिक्षण देणाऱ्याला विचारलं. तो हसला. तिथे उडवणाऱ्याचा विवेक आणि जागेच्या मालकाची परवानगी, एवढंच राज्य. २०१४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका रेस्टॉरंटात नाताळची जाहिरात म्हणून ड्रोनला मिसलटोची डहाळी बांधून ती जोडप्यांच्या डोक्यावर फिरवत होते. डहाळीखाली आलेल्यांनी चुंबन घ्यायचं, अशी तिकडची प्रथा. ड्रोन तिथे आलेल्या एका छायाचित्रकार बाईंच्या तोंडावर गेला आणि त्यांच्या नाकाचा शेंडा कापला गेला. मोजलं तर किरकोळ जखम. मामीचीही किरकोळच होती.

आता थोडं मागे जाऊ, कारण छताखाली कॅमेरा सोडण्याची हौस ड्रोनबरोबर आलेली नाही. १९२४ साली मुर्नाऊच्या ‘द लास्ट लाफ’मध्ये कार्ल फ्रॉइंडचा कॅमेरा हॉटेलच्या लिफ्टमधून खाली उतरतो आणि सायकलवर बसून दिवाणखान्यातून फिरत्या दारापर्यंत जातो. दारुड्याची झिंग दाखवायला फ्रॉइंडनं कॅमेरा स्वतःच्या छातीला बांधला. जर्मनीत याला साखळ्या तोडलेला कॅमेरा म्हणाले. पण तो ज्याच्या छातीवर होता त्या माणसाच्या साखळ्या शाबूत होत्या. तो धडपडला तर त्यालाच लागणार होतं.

आणि ‘रशियन आर्क’. २३ डिसेंबर २००१ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात अलेक्झांडर सोकुरोव्ह यांनी ९६ मिनिटांचा सबंध चित्रपट एका दमात टिपला. तीसहून अधिक दालनं, दोन हजारांच्या आसपास माणसं, हिवाळ्यातला तुटपुंजा उजेड. आधीचे तीन प्रयत्न मध्येच मोडले, चौथा शेवटाला गेला. कॅमेरा टिल्मान ब्यूटनर यांच्या अंगावर होता, स्टेडिकॅमच्या पट्ट्यांनी बांधलेला. आमच्या सोसायटीत हा चित्रपट आम्ही दाखवला तेव्हा मला दालनांपेक्षा त्या न दिसणाऱ्या माणसाच्या पाठीची काळजी जास्त वाटत होती. पण मुद्दा वेगळा आहे. त्या चित्रपटात कॅमेरा हे एक पात्र आहे. तो फ्रेंच सरदार त्याच्याशी बोलतो, वाद घालतो, बाकीच्यांना तो दिसत नाही. म्हणजे ‘माणसं वर का बघत नाहीत’ या प्रश्नाला सोकुरोव्ह यांच्याकडे कथेतलं उत्तर आहे: इथे पाहणारा भूत आहे. शिवाय प्रत्यक्षात गर्दीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की घाम गाळणारा एक माणूस आपल्यातून चालला आहे आणि त्याला वाट द्यायची आहे.

ड्रोनमध्ये हे दोन्ही तुटतं. ज्याला लागू शकतं तो आणि जो चालवतो तो, हे आता वेगळे झाले. क्रिस्टेन्सन यांच्या हातून चूक झाली असती तर रक्त दुसऱ्याचं निघालं असतं. हे नवं आहे, आणि या फितींविषयी लिहिणारे इथे थांबत नाहीत, म्हणून मी थांबलो.

मग मिनिआपोलिसमधली माणसं वर का बघत नाहीत? कारण त्यांना माहीत होतं. कोण कुठे उभं राहणार, कोण कधी वळणार, कॅमेरा कुठल्या खांद्याजवळून जाणार, हे ठरलेलं होतं. फीत पहिल्याच प्रयत्नात साधलेली नाही, अनेक प्रयत्न झाले. न बघणं हा त्यांचा अभिनय आहे. कानाजवळ मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज येत असताना ग्लास उचलून शेजाऱ्याशी हसत बोलणं, हे सोपं काम नाही. मी भाच्याला माळ्यावर खुर्चीत बसवून पेपर वाचायला सांगितलं आणि त्याच्या शेजारून ड्रोन नेला. सहाव्या वेळीही त्याचा कान हलला. या फितीतले खरे कलावंत ते गिऱ्हाईक आणि कामगार आहेत, आणि त्यांनी आपला बिनधास्तपणा चालकाला विश्वासानं उसना दिला आहे. इथे कलेची तालीम आणि जीव जपण्याची तालीम एकच होते. कुणी दचकून हात वर केला असता तर दृश्यही गेलं असतं आणि बोटंही.

कट नसण्याचा अर्थही इथे निराळा लागतो. एरवी अखंड दृश्य म्हणजे दिग्दर्शकाची मिजास, असं म्हणायची सोय असते, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण छताखालच्या ड्रोनच्या बाबतीत अखंडता ही साक्ष आहे: या दीड मिनिटात कुणालाही लागलं नाही, पाहा, मी काही लपवलेलं नाही. आमच्या हायलाइटमधल्या त्या अलगद जोडाजवळ ही साक्ष फिरली. साक्ष पुरी नाही, हेही खरं. जे प्रयत्न मोडले त्यांत काय झालं ते फितीत नाही. माझी या फितीवरची पहिली तक्रार ती. एखादा मोडलेला प्रयत्न शेवटी जोडला असता तर पाहणाऱ्या हजारो हौशी पोरांना कळलं असतं, की हे इतकं सहज नाही.

दुसरी तक्रार आवाजाची. फितीत गप्पा ऐकू येतात, ग्लास किणकिणतात, चेंडू घरंगळतो, पिना कोसळतात. हे आवाज नंतर भरलेले आहेत. त्याला इलाजच नव्हता, कारण ड्रोनवरच्या मायक्रोफोनला स्वतःच्या पात्यांपलीकडे काही ऐकू येत नाही. ‘रशियन आर्क’चा ध्वनीही नंतरच चढवला. १९३७ साली ‘प्रभात’च्या ‘कुंकू’मध्ये शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत काढून टाकलं आणि प्रसंगात जे वाजतं तेवढंच ऐकवलं. त्या धाकानं पडद्यावरचं घर खरं झालं. इथे उलट झालं आहे. प्रसंगात जे सर्वांत मोठ्यानं वाजत होतं तेच तेवढं काढलं, आणि त्यामुळे घर खरं झालं! हे मला एकाच वेळी लोभसही वाटतं आणि खोटंही. लोभस, कारण माणसांची तुटक वाक्यं कानाशी येऊन मागे सरतात आणि बंद पडू पाहणारी जागा नांदती वाटते. खोटं, कारण पाहणारा अशा कॅमेऱ्यावर विश्वास ठेवतो जो कधीच गुणगुणत नाही. माझा कौल तरीही फितीच्या बाजूनं. मात्र ती पाहिल्यावर खऱ्या सिनेवूपचा आवाज एकदा खोलीत ऐकावा. अंगावर काटा येतो.

त्याच जातीची दुसरी फीत २०२२ मध्ये आली, टेस्लाच्या बर्लिनजवळच्या मोटार कारखान्यातली. कॅमेरा प्रेसमधून, सांगाड्यांच्या आतून, रोबोटच्या हातांमधून जातो. कारागिरी वरच्या दर्जाची. पण दुसऱ्यांदा पाहवली नाही. तिथे पुढे असतात ते रोबोट, आणि रोबोटला वर बघायची इच्छाच नसते. ज्या दृश्यात कुणाला लागणार नाही तिथे कुणी कुणावर विश्वासही ठेवलेला नसतो. बिनधोक आणि रिकामं, यांतलं अंतर मला त्या फितीनं दाखवलं.

याउलट एक शोध मला चित्रपटाइतकाच भावला. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठातल्या मंडळींनी माशी खिडकीच्या काचेवर आपटून पुन्हा उडते त्यावरून धडा घेतला. अडथळा चुकवण्याच्या नादाला न लागता धडक सोसणारा ड्रोन केला. भोवती गोल पिंजरा, तो आतल्या ड्रोनपासून सुटा फिरतो. भिंतीला लागला की पिंजरा फिरतो, आतलं यंत्र सरळ राहतं. २०१५ मध्ये त्याला दुबईत दहा लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं. आता असे ड्रोन बॉयलरच्या, टाक्यांच्या पोटात जाऊन तडे पाहतात, जिथे पूर्वी माणसाला दोर बांधून उतरवत. त्यांनी आणलेली चित्रं कुणी महोत्सवात दाखवणार नाही. चौकटीत पिंजऱ्याच्या काड्या दिसतात, उजेड भगभगीत असतो. पण उडवणाऱ्यानं आपण भिंतीला लागणार हे आधीच कबूल केलेलं असतं, आणि ती कबुली त्या काड्यांच्या रूपानं चित्रात राहते. लग्नाच्या ड्रोनला कडी लावा म्हटलं की पोरं म्हणतात, “काका, फ्रेममध्ये कडा येतात, गिऱ्हाइकाला आवडत नाही.” येऊ द्यात ना थोड्या.

या मे महिन्यात मामीच्या नातवाचं लग्न झालं. ड्रोन नको, असं मी म्हणालो. मामीच म्हणाली, “असू दे. सगळ्यांच्यात असतंय.” ड्रोनवाला दुसरा होता, बावीस-तेवीसचा. आदल्या संध्याकाळी मी त्याच्याबरोबर कार्यालयात गेलो. सेटिंग पाहिलं. परतीची उंची तीस मीटर, छत सहा-सात मीटरवर. ते बदललं. कडी त्याच्याकडे होती, डब्यात, नवी कोरी. ती लावली. धूर रद्द केला. ड्रोन भिंतीकडच्या मोकळ्या वाटेनं जाईल, खुर्च्यांवरून नाही, असं ठरलं. अक्षतांच्या वेळी तो जमिनीवर. मंगलाष्टकांपूर्वी निवेदकानं माइकवरून सांगितलं, की आता दोन मिनिटं कॅमेरा उडेल, उजवीकडच्यांनी उभं राहू नये. त्या दोन मिनिटांसाठी पंखे बंद केले, कारण वातानुकूलन नव्हतं आणि छताच्या पंख्यांचा झोत छोट्या ड्रोनला खाली दाबतो. मेमधला उकाडा. लोकांनी माझ्या नावानं खडे फोडले.

फीत गेल्या आठवड्यात आली. त्या दोन मिनिटांतली चाळीसेक सेकंदं सलग ठेवली आहेत. अर्धा हॉल वर बघतो आहे, मुलं बोट दाखवताहेत, आणि पहिल्या रांगेच्या टोकाला मामी, पदराचं टोक कपाळावर धरून, सरळ कॅमेऱ्यात. ड्रोनवाल्यानं आधी फोन करून विचारलं होतं, “काका, आजी लुक देतायत, तेवढं कट करू का?”

मी म्हटलं, राहू दे.